‘घरचंच रक्त हवं’ या हट्टाबद्दल, ऑटावाहून

गेल्या महिन्यात साताऱ्याहून आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निरोप आला. काकांची बायपास ठरली आहे, बी पॉझिटिव्ह रक्ताची सोय करायची आहे, ‘शक्यतो घरातलीच तरुण मुलं यावीत, बायका नकोत.’ चुलतबहिणीनं विचारलं, आम्ही का नको? लगेच एकानं इंग्रजी बातमी टाकली : स्त्रियांचं रक्त घेतलेले रुग्ण जास्त दगावतात, कॅनडातल्या डॉक्टरांनीच सांगितलंय.

ते संशोधन मी राहते त्या ऑटावातलंच, २०१६ सालचं. ३० हजारांवर रुग्णांच्या जुन्या नोंदी तपासल्या, तेव्हा स्त्रीदात्याच्या किंवा विशीच्या आतल्या दात्याच्या प्रत्येक पिशवीमागे मृत्यूचा धोका ८ टक्क्यांनी वाढलेला दिसला. पुढच्याच वर्षी नेदरलँड्समधून बातमी आली की, कधीतरी गरोदर राहिलेल्या स्त्रीचं रक्त पुरुष रुग्णांना बाधतं. मथळे गाजले. त्यानंतर जे झालं ते साताऱ्यापर्यंत पोचलंच नाही.

ज्याला दहा पिशव्या लागतात तो दोन पिशव्यांवर भागणाऱ्यापेक्षा मुळातच जास्त आजारी असतो. पिशव्या वाढल्या की त्यात एखादी स्त्रीची, एखादी कॉलेजकुमाराची असणार हेही ओघानंच आलं. मग मृत्यूचं खापर दात्यावर फोडायचं की आजारावर? स्वीडन-डेन्मार्कमधल्या साडेनऊ लाखांहून जास्त रुग्णांच्या नोंदी हे भान ठेवून तपासल्या, तेव्हा दात्याचं वय आणि लिंग यांनी काहीच फरक पडलेला दिसला नाही. ऑटावाचे डॉक्टरही स्वतःच्या निष्कर्षाला चिकटून बसले नाहीत. त्यांनी ८,७१९ रुग्णांची थेट चाचणी घेतली. चिठ्ठी टाकावी तसं ठरवून काहींना फक्त पुरुषांच्या लाल पेशी दिल्या, काहींना फक्त स्त्रियांच्या. पिशवी कुणाची, हे रुग्णालाही माहीत नव्हतं आणि उपचार करणाऱ्यांनाही. २०२३ मध्ये निकाल आला. जगण्या-मरण्यात फरक नाही. मला या शहराचा अभिमान वाटतो तो यासाठी.

प्लाझ्माची, म्हणजे रक्तातल्या पेशी वगळून उरणाऱ्या पिवळसर द्रवाची, गोष्ट मात्र वेगळी. गरोदरपणात काही स्त्रियांच्या रक्तात अशी प्रतिपिंडं (अँटीबॉडीज) तयार होतात की, त्यांच्या प्लाझ्मानं क्वचित रुग्णाच्या फुप्फुसांना गंभीर इजा होते. म्हणून ब्रिटननं २००३ च्या अखेरीपासून प्लाझ्मा मुख्यतः पुरुषांचा वापरायला सुरुवात केली, आणि या इजेमुळे होणारे मृत्यू घटले. काकांना लागणार होत्या त्या मात्र लाल पेशी, प्लाझ्मा नव्हे.

आता ‘घरचंच’ या हट्टाकडे येते, कारण दात्याचा एक गुण खरोखर जीवावर बेतू शकतो, आणि तो म्हणजे जवळचं नातं. मुलाच्या पेशींवरच्या निम्म्या खुणा बापाशी जुळतात. त्यामुळे मुलाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींना बापाचं शरीर परकं समजून मारतच नाही असं कधीकधी होतं. त्या तिथे तग धरतात, वाढतात आणि बापाच्याच कातडीवर, यकृतावर, अस्थिमज्जेवर तुटून पडतात. आधी ताप, मग अंगभर लाल पुरळ. हे दुर्मीळ आहे, पण झालं तर रुग्ण जवळजवळ कधीच वाचत नाही. जपानमध्ये हृदयाच्या ऑपरेशनसाठी नातेवाइकांचं ताजं रक्त देण्याची पद्धत होती, तिथे असे बरेच मृत्यू झाले. रक्तावर किरणांचा मारा करून मगच ते द्यायला लागल्यावर ते थांबले. काकांसाठी मुलाचं रक्त घेतलंच तर रक्तपेढीत ही सोय आहे का, एवढा एक प्रश्न विचारायलाच हवा. तसंच, मुलं व्हायची आहेत अशा बायकोला नवऱ्याचं रक्त देणं टाळतात. तिच्या शरीरात त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार झाली तर ती पुढच्या बाळाला भोवतात.

हे सगळं ग्रुपवर लिहिलं, तेव्हा भावानं विचारलं, ‘तुला तिकडून बोलायला काय जातं? इथे रक्तपेढीवाले बदली दाता मागतात, दिलेल्या पिशवीच्या बदल्यात घरच्या कुणीतरी रक्त द्यायचं.’ त्याचं खरं आहे. इथे माझ्या नवऱ्याच्या ऑपरेशनला दोन पिशव्या लागल्या, मला कुणी ‘माणसं आणा’ म्हणालं नाही. पण कॅनडाला हे फुकट मिळालेलं नाही. १९८० च्या दशकात दूषित रक्तातून इथे हजारोंना कावीळ आणि एचआयव्ही झाला, त्याच्या चौकशीसाठी क्रेव्हर आयोग बसला, १९९७ मध्ये त्याचा अहवाल आला आणि पुढच्या वर्षी नवी रक्तसेवा उभी राहिली. आपल्याकडेही १९९६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर रक्त विकण्यावर बंदी आली, २००२ च्या राष्ट्रीय धोरणानं बदली दात्याची पद्धत संपवायचं ठरवलं. ठरवलेलं अमलात आणा, हे भावानं त्या रक्तपेढीला आणि आमदाराला ठणकावून सांगायला हवं.

बदली दात्याचा आणखी एक धोका मला जास्त छळतो. इथे आजार, संसर्गाचा धोका याबद्दलची प्रश्नावली एकट्यानं भरायची, नंतर बंद खोलीत नर्सशी बोलायचं. नाही म्हणायचं तर कारण कुणाला कळत नाही. साताऱ्यात आयसीयूच्या दारात मामा, आत्या, सासरे उभे असताना बावीस वर्षांचा मुलगा ‘मला देता येणार नाही’ असं कसं म्हणेल? तो गप्प बसेल आणि बाही वर करेल. तपासणीतून सुटलेला संसर्ग असाच पुढे जातो.

आणि बायका. मायदेशी शिबिरांत बोट न टोचताच ‘ताई, तुम्ही राहू द्या’ हे मी ऐकलेलं आहे. भारतात हिमोग्लोबिनची अट स्त्री-पुरुष दोघांना सारखीच, १२.५. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला, म्हणून पुष्कळजणी परत जातील हे कबूल. पण परत पाठवायचं तर तपासून पाठवा. आकडा कागदावर लिहून तिच्या हातात द्या, म्हणजे तो घेऊन तिला प्राथमिक आरोग्य केंद्रात लोहाच्या गोळ्या मागता येतील, आणि तीन महिन्यांनी ती पुन्हा त्याच टेबलाशी येऊ शकेल.