पाचव्या जागेवरचा शून्य

दर तिमाहीचं प्लॅनिंग आलं की आमच्या डिझाईन टीमचं ठरलेलं रडगाणं, आमचं काम रोडमॅपवर (पुढे काय बनवायचं त्या यादीत) घेतच नाहीत. मीही वर्षभर त्यात मनापासून सूर लावला. आता सांगते, निम्मी चूक आमचीच होती.

आमच्या ॲपमध्ये बँक खातं जोडायचा फॉर्म आहे. आयएफएससी कोड ११ अक्षरांचा, त्यात पाचव्या जागी कायम शून्य, पण लोक तिथे इंग्रजी ओ टाकतात (पासबुकाच्या पुसट छपाईत दोन्ही सारखेच दिसतात, माझ्या आईनेही तेच केलं) आणि ॲप लाल अक्षरात म्हणतं 'इनव्हॅलिड इनपुट'. बास. काय चुकलं, कुठे चुकलं, काही नाही.

मी काय केलं, तर 'ऑनबोर्डिंग रिडिझाईन' (नव्या माणसाच्या ॲपमधल्या सुरुवातीच्या सगळ्याच पायऱ्या बदलायच्या) नावाचं ४० स्लाईडचं बाड घेऊन प्लॅनिंगला गेले. कुठलं काम आधी घ्यायचं हे ठरवायला आमच्याकडे राईस स्कोअरिंग चालतं, भात नव्हे, इंटरकॉम नावाच्या कंपनीने काढलेलं ते, रीच गुणिले इम्पॅक्ट गुणिले कॉन्फिडन्स आणि त्याला एफर्टने, म्हणजे लागणाऱ्या मेहनतीने, भागायचं. आता भागायचंय म्हटल्यावर सगळं एका गाठोड्यात बांधून नेलं की एफर्ट फुगणार न् स्कोअर तळाला जाणार, एवढं साधं गणित, पण आम्हाला तीन तिमाह्या कळलं नाही. कॉन्फिडन्स ५० टक्के, कारण पुरावा काय तर 'मला वाटतं'. पीएम, म्हणजे आमचा प्रॉडक्ट मॅनेजर, म्हणाला पॉलिशचं काम आहे, नंतर बघू. त्या 'नंतर'ला तारीख नसते.

मग सपोर्टमधल्या ताईंशेजारी दोन दिवस हेडफोन लावून बसले. जळगावचे एक काका अक्षरशः ओरडत होते, "अहो मॅडम, पासबुकावर आहे तस्संच टाकलंय, तुमचं ॲपच येडं आहे!" ताई शांतपणे, "काका, पाचवा गोल आहे ना, तो शून्य करा." फोन ठेवून मला म्हणाल्या, हे वाक्य मी झोपेतही बोलते गं.

पुढच्या प्लॅनिंगला एकही स्लाईड नेली नाही. तो कॉल ऐकवला, महिन्याभराची तसली तिकिटं (सपोर्टकडे नोंदलेल्या तक्रारी) मोजून नेली, आणि चहाच्या टपरीवर डेव्हलपरला आधीच विचारून ठेवलेलं की पाचव्या जागी ओ आला तर आपणच शून्य करून टाकायला किती वेळ, तर म्हणे अर्धा दिवस, टेस्टिंग धरून एक. पीएम काही बोलायच्या आत सपोर्टच्या हेडनेच हे याच स्प्रिंटमध्ये (कामाच्या चालू फेरीत) घ्या म्हणून सांगितलं.

ॲपमधल्या फिकट करड्या अक्षरांचं मात्र अजून भिजत घोंगडं आहे. डब्ल्यूसीएजी (वेब सगळ्यांना वापरता यावं म्हणूनची मार्गदर्शक तत्त्वं) म्हणतं साध्या मजकुराला मागच्या रंगाशी किमान ४.५:१ कॉन्ट्रास्ट हवा, आमचा त्याच्या खालीच, पण त्यासाठी चिडून फोन कोणी करत नाही, ज्याला वाचता येत नाही तो गुपचूप ॲप बंद करतो. त्यांची तिकिटं कुठून मोजायची, कोणाला जमलं असेल तर कमेंटमध्ये सांगा.