ससे, कासवं आणि रफारवाले

नमस्कार सर,

मी वर्गात वाचनाचे गट पाडते, त्यावरच्या तुमच्या प्रतिक्रियेत दोन आक्षेप आहेत. पहिली-दुसरीतच वाचनाचे गट पाडले की मागच्या गटातल्या पोराला आपण 'ढ' असल्याचं कळतं. आणि बाई एका गटाजवळ बसल्या की बाकीचे दंगा करतात. त्यापेक्षा सगळ्या वर्गाने एकच धडा वाचावा, पूर्वीसारखा.

पूर्वी वाचायचे चार-पाच जण, सर. बाकीचे त्यांच्यामागून म्हणायचे. माझ्याकडे दुसरीतला एक मुलगा पुस्तक समोर धरून कविता घडाघडा म्हणायचा. मधल्याच शब्दावर बोट ठेवलं, की गाडी परत पहिल्या ओळीपासून! सगळं पाठ, वाचन शून्य.

पण पहिला आक्षेप मला लागला, कारण ती चूक मी केली आहे. 'असर' या शैक्षणिक पाहणीतल्या वाचनाच्या चाचणीत अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट असे स्तर असतात. त्यावरून गट पाडले आणि हौसेने नावं दिली, ससा, कासव वगैरे. दोन दिवसांत पोरांनी अर्थ ओळखला. एका आईने फाटकातच विचारलं, "आमचंच कासव का हो बाई?"

तेव्हापासून पोर कुठे अडतं त्यावर गट पाडते. 'किती'मधली पहिली वेलांटी दिसते आधी, उच्चार मात्र नंतर. रफाराचं उलट: 'सूर्य'मध्ये तो बसतो 'य'च्या डोक्यावर आणि म्हणायचा 'य'च्या आधी. पोरं बिचारी डोळ्यांना दिसतं तसं 'सूयर' वाचतात. गोष्टीच्या पुस्तकांचा फडशा पाडणारी एक मुलगीही तिथेच अडली, तीही रफारवाल्यांत बसली. आठवड्याने अडचण सुटली, गट मोडला. अक्षरंच न ओळखणारी तिघं मात्र महिनोन्‌महिने एकत्र असतात, आणि ते त्यांना कळतं. यावर मला अजून उपाय सापडलेला नाही.

दंग्याचं म्हणाल तर होतो. आरटीईनुसार, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यानुसार, साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक. आमची शाळा चौथीपर्यंत, म्हणजे वर्ग चार आणि आम्ही दोघं, पहिली-दुसरी माझ्याकडे. एका गटाजवळ मी पंधरा मिनिटांवर बसत नाही. तेवढ्यात बाकीचे जोडीने वाचतात किंवा खडूने फरशीवर शब्द लिहितात. आधी सगळ्यांना कार्डं वाटायची, पण ज्यांचं लवकर संपे तेच भांडणं काढत. आता त्यांना वाचनपेटी मोकळी. पुस्तकं फाटतात, फाटू देत.

आणि सोबतचे गुरुजी निवडणुकीच्या कामाला गेले (ते काम कायद्यानेही चुकत नाही), की चारही वर्ग माझ्या गळ्यात. त्या दिवशी गटबिट काही नाही. सगळ्यांना व्हरांड्यात बसवते आणि एकच गोष्ट मोठ्याने वाचून दाखवते. ते दिवस तुमच्या खात्यात धरा, सर.