गाडीतून वास येतोय? तो मेसेज बाजूला ठेवा, आधी गाडी थांबवा

मे महिन्याच्या सुट्ट्या लागल्या की 'घाटात गाडीतून वास आला तर घाबरू नका' हा मेसेज ग्रुपवर फिरायला लागतो. त्यात पाच सल्ले आहेत. गोड वास एसीच्या गॅसचा असतो, लक्ष देऊ नका. तापमानाचा काटा वर गेला तर रेडिएटरचं झाकण उघडून थंड पाणी ओता. जळका वास आला की उतारावर न्यूट्रल करा, इंजिनाला आराम मिळतो आणि पेट्रोलही वाचतं. सडक्या अंड्यासारखा वास म्हणजे पंपावरची भेसळ. पेट्रोल-सीएनजीचा वास थोडाफार येतोच, कापराची पुडी टांगा.

माझं गॅरेज वाईत, पसरणी घाटाच्या पायथ्याशी आहे. यातल्या तीन सल्ल्यांनी माणसाच्या जिवावर बेतू शकतं, म्हणून हे लिहितोय.

गोड वासापासून सुरू करू. एसीच्या गॅसला जवळजवळ वासच नसतो. गोडसर, पाकासारखा वास येतो तो कूलंटचा, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा, त्यातल्या इथिलीन ग्लायकॉलचा. वास आत येतोय, समोरच्या काचेवर आतून तेलकट धुकं बसतंय आणि पायाखालचं मॅट ओलं लागतंय, तर हीटर कोअर, म्हणजे डॅशबोर्डमागचा हीटरचा छोटा रेडिएटर, गळतोय. बोनेटपाशीच वास असेल तर होज पाइपची क्लिप, वॉटर पंप किंवा रेडिएटर बघायचा. रात्री गाडीखाली एक पुठ्ठा सरकवून ठेवा. सकाळी हिरवा किंवा गुलाबी चिकट डाग दिसला तर कूलंट, तपकिरी-काळा असेल तर ऑइल. नुसतं पाणी असेल तर ते एसीचं, त्याची काळजी नको. कूलंटचा डाग मात्र लगेच धुऊन टाका. ते विष आहे, आणि गोडीमुळे कुत्री-मांजरं चाटतात.

आता झाकण. हा सल्ला वाचला की माझ्या अंगावर काटा येतो. एक गृहस्थ ओल्या टॉवेलात हात गुंडाळून माझ्याकडे आले होते. झाकण त्यांनी अर्धा आटाच फिरवलं होतं, तरी मनगटापासून कोपरापर्यंत कातडी सुटली होती. गाडीत बिघाड होता एका सैल क्लिपचा. कूलिंग सिस्टिम कुकरसारखी दाबाखाली असते, म्हणून आतलं कूलंट ११०-११५ अंशांनाही उकळत नाही. झाकण सैल झालं की दाब जातो आणि सगळं एका क्षणात उकळून वर उसळतं. शिट्टी न काढता कुकर उघडतो का आपण? काटा वर जायला लागला की एसी बंद करा, हीटर फुल करा, जागा बघून गाडी बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. अर्धा-पाऊण तास तरी थांबा. वरचा होज पाइप फडक्याने दाबून मऊ लागला तरच झाकणाला हात लावा. तापलेल्या इंजिनात थंड पाणी गेलं तर ॲल्युमिनियमचं हेड (इंजिनाचा वरचा भाग) वाकतं, त्याखालचं पॅकिंग उडतं. गाडी निवल्यावर गॅरेजपर्यंत पोचण्यापुरतं साधं पाणी चालतं, हे खरं. पण ते तसंच ठेवलं तर गंज धरतो, आणि बोअरचं असेल तर क्षारही बसतात.

जळक्या वासाला एकच कारण नसतं. चढावर, रांगेत अर्ध्या क्लचवर गाडी धरून ठेवली की जळक्या कागदासारखा वास येतो. ती क्लच प्लेट. तिथे हँडब्रेक वापरा. उतरताना चाकांपाशी वास येतो तो ब्रेक पॅडचा. थांबल्यावर बोनेटमधून वास आणि धूर निघत असेल तर बहुतेक टॅपेट कव्हरच्या (इंजिनावरच्या झाकणाच्या) पॅकिंगमधून ऑइल गळून गरम एक्झॉस्टवर पडतंय.

या तिन्हीवर न्यूट्रल हा उपाय नाही. उतारावर गिअर काढला की इंजिनाची ओढ जाते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. नवीन डॉट-४ दर्जाचं ब्रेक ऑइल २३० अंशांपर्यंत तग धरतं, ओलावा धरलेलं १५५ च्या आसपासही उकळू शकतं. लाइनमध्ये वाफ झाली की पेडल थेट तळाला जातं. आणि पेट्रोल वाचतं म्हणता? फ्युएल इंजेक्शनच्या, म्हणजे कार्बोरेटर नसलेल्या गाडीत गिअर तसाच ठेवून ॲक्सिलरेटर सोडला की इंधन बंद होतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते जाळावंच लागतं. ज्या गिअरवर घाट चढलात, त्याच गिअरवर उतरा.

सडक्या अंड्याच्या वासाला पंपवाल्यावर संशय घेण्याआधी बॅटरी बघा. हा वास गंधकाच्या वायूचा असतो, आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ इंधनात गंधक जास्तीत जास्त १० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत दहा भाग असतं. बॅटरी फुगली असेल, गरम लागत असेल तर चार्जिंग जास्त होतंय. तिथे स्फोट होणारा हायड्रोजन असतो, ठिणगी पडू देऊ नका. बॅटरी ठीक असेल तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (एक्झॉस्टमधला धूर स्वच्छ करणारा भाग) आणि इंधनाचं मिश्रण तपासून घ्या.

शेवटचा सल्ला वाचून राग येतो. सीएनजीला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणूनच त्यात वास मिसळतात, आणि हा मेसेज तोच कापराने झाकायला सांगतो. पेट्रोलचा असो की गॅसचा, वास आला की मोकळ्यावर थांबा, इंजिन बंद करा, सगळ्यांना उतरवा, दारं उघडी ठेवा. सीएनजी असेल तर सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करा. बंदिस्त पार्किंगमध्ये गाडी नेऊ नका, हा गॅस हवेपेक्षा हलका असल्याने छताशी साठतो. चावी पुन्हा फिरवून बघू नका, आणि मेकॅनिकला फोनही गाडीपासून लांब जाऊनच लावा.