चवथ, पिवळा कफ आणि ‘अ‍ॅझी’च्या तीन गोळ्या

चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, जवळ आली की गोव्यातल्या घरोघरच्या ग्रुपांवर एक निरोप फिरू लागतो. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: कफ पिवळा-हिरवा झाला म्हणजे सर्दीत जंतू शिरले. मग डॉक्टरकडे रांग लावू नका, अ‍ॅझिथ्रोमायसिन (‘अ‍ॅझी’) या अँटिबायोटिकच्या पाचशेच्या तीन गोळ्या घ्या. तीन दिवसांत माणूस उभा राहतो, न्यूमोनिया टळतो, कोरोनात हीच गोळी कामी आली आणि नुकसान तर काहीच नाही. गावच्या घरी निघण्याआधी एक स्ट्रिप पिशवीत टाका, हा वर सल्ला. फोंड्यात फार्मसीच्या काउंटरमागे उभं राहणाऱ्या माझ्यासारख्याला हा निरोप गिऱ्हाइकांच्या तोंडून ऐकूनच पाठ झाला आहे.

आधी रंगाचं. संसर्ग झाला की तिथे पांढऱ्या पेशी धावून येतात. त्यांच्यात मायलोपेरॉक्सिडेज नावाचं हिरव्या रंगाचं एन्झाइम असतं, कफाला रंग येतो तो त्याचा. पेशी विषाणूशी लढायला आल्या असोत की जिवाणूशी, रंग तोच; अँटिबायोटिक मात्र चालतं फक्त जिवाणूवर. साध्या सर्दीतही दोन-तीन दिवसांनी शेंबूड पिवळा पडतो आणि आपोआप निवळतो.

‘तीन दिवसांत बरं वाटतं’ हे मात्र खोटं नाही, म्हणूनच ते इतकं पटतं. पहिल्या दिवशी कोणी अ‍ॅझी घेत नाही. आधी आल्याचा कषाय होतो, मग पॅरासिटामॉल, आणि तिसऱ्या दिवशी धीर सुटला की माणूस फार्मसीत येतो. सर्दी-फ्लूचा ताप तसाही तीन-चार दिवसांत उतरणीला लागतो. श्रेय जातं गोळीला. मार्च २०२३ मध्ये एच३एन२ या फ्लूची साथ चालू असताना इंडियन मेडिकल असोसिएशनने पत्रक काढून हेच सांगितलं होतं: ताप तीन दिवसांत जातो, खोकला तीन आठवडे राहू शकतो, अँटिबायोटिक देऊ नका.

खरी गोम त्या खोकल्यात आहे. अशा आजारातला खोकला सरासरी अठरा दिवस टिकतो. लोकांची अपेक्षा असते आठवड्याची. मग अ‍ॅझीचा कोर्स संपतो, खोकला असतोच, आणि काउंटरवर संवाद होतो तो असा: “याने काही झालं नाही हो, जरा स्ट्राँग द्या.”
“काकी, खोकला किती दिवसांचा?”
“झाले की दहा दिवस!”
स्ट्राँग म्हणजे सेफिक्सिम नाहीतर लिव्होफ्लॉक्सासिन. यातलं दुसरं औषध क्षयावरही थोडंफार चालतं. खोकला क्षयाचा असेल तर रोग काही दिवस दबतो, निदान लांबतं आणि घरात प्रसार चालूच राहतो. दोन आठवड्यांवर खोकला गेला तर सरकारी आरोग्य केंद्रात थुंकीची तपासणी फुकट होते, तिथे जावं. ही दोन्ही औषधं ‘शेड्युल एच-वन’मधली आहेत, २०१४पासून त्यांच्या विक्रीची वेगळी नोंद ठेवावी लागते. अ‍ॅझीलाही चिठ्ठी लागतेच, स्ट्रिपवरची लाल रेघ त्यासाठीच असते. आमच्या धंद्यातले काही ती रेघ पाहत नाहीत, हे मान्य. आणि गर्दीच्या ओपीडीत, पेशंट रिकाम्या हाताने गेला तर पुन्हा येणार नाही म्हणून लिहिलेल्या चिठ्ठ्याही काही कमी येत नाहीत.

कोरोनाचं उत्तर सोपं आहे, कारण ते तपासून झालंय. ब्रिटनमध्ये इस्पितळात दाखल झालेल्यांवर ‘रिकव्हरी’ आणि घरी असलेल्यांवर ‘प्रिन्सिपल’ अशा दोन मोठ्या चाचण्या झाल्या. २०२१मध्ये निकाल आले: अ‍ॅझीने फायदा नाही.

न्यूमोनियाच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे. ब्रिटनमधल्या दवाखान्यांच्या नोंदींवरचा २००७चा एक अभ्यास सांगतो, की सर्दी-घशाच्या आजारात एक गंभीर गुंतागुंत टाळायला चार हजारांहून जास्त लोकांना अँटिबायोटिक द्यावं लागतं. छातीचा संसर्ग झालेल्या पासष्टीपुढच्यांत मात्र एक न्यूमोनिया टाळायला ३९ जण पुरतात. म्हणजे प्रश्न छातीचा आणि वयाचा आहे. ते स्टेथोस्कोप लावून ठरतं, कफाचा रंग बघून नाही.

‘नुकसान नाही’ हे तर धडधडीत खोटं. जुलाब, पोटात मुरडा हे नेहमीचं. आधीच हृदयाचे ठोके अनियमित असणाऱ्यांना धोका जास्त. बेल्जियममध्ये धडधाकट स्वयंसेवकांना तीन दिवस अ‍ॅझी दिली, तेव्हा त्यांच्या तोंडातले औषधाला न जुमानणारे जंतू वाढले आणि १८० दिवसांनंतरही ते पूर्वीपेक्षा जास्तच होते. टायफॉइडवर तोंडाने घ्यायची जी थोडी औषधं आपल्याकडे अजून चालतात, त्यात ही एक आहे. ती सर्दीवर उधळायची?

शिवाय आपल्याकडे पावसाळ्यातला ताप म्हणजे सर्दीच असं कुठे आहे? डेंग्यू असतो, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) असतो. ताप तीन दिवसांवर गेला, उतरून पुन्हा चढला, धाप लागली, छातीत दुखलं, तर फार्मसीत नाही, डॉक्टरकडे जा. म्हातारी माणसं, तान्ही मुलं, दमा-मधुमेहवाले यांनी तेवढंही थांबू नये.

आता ती पिशवीतली स्ट्रिप. गोळी घेतली म्हणून विषाणू पसरायचा थांबत नाही. तीन गोळ्या पोटात टाकून गावच्या घरी गेलेला माणूस आरतीला खोकलाच, तर शेजारी बसलेल्या आजीला तो विषाणू मिळणारच. पिशवीत पॅरासिटामॉल आणि मास्क ठेवा. आजीची फ्लूची लस राहिली असेल तर चवथीच्या दोन-तीन आठवडे आधी डॉक्टरांना विचारून घ्या. लागू पडायला तिला तेवढे दिवस लागतात.