पिल्लांच्या धंद्यात उतरणाऱ्यांस

घरात लॅबची (लॅब्राडोर कुत्र्याची) मादी आहे, मागे बंद गॅलरी आहे आणि फ्लॅटचा हप्ता डोक्यावर आहे. मग वाट कसली बघताय?

केंद्राने २०१७ साली श्वानप्रजनन आणि विक्रीचे नियम काढले, त्यांचा बाऊ करू नका. राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केल्याशिवाय ब्रीडिंग करायचं नाही, असं त्यात आहे. फी ५,००० रुपये, तीही परत न मिळणारी. नियम मोडला तर १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार दंड किती? जास्तीत जास्त १०० रुपये. म्हणजे पन्नास वेळा सापडलात तरी हिशेब फिटंफाट! प्राण्याला क्रूरपणे वागवल्याचा पहिला गुन्हा तर १० ते ५० रुपयांत उरकतो. तपासणीला आलेल्या माणसाच्या चहा-बिस्किटालाच त्याहून जास्त लागतील. तीन महिन्यांची कैदही कायद्यात आहे म्हणा, पण त्यासाठी आधी कुणीतरी तुमच्या गॅलरीपर्यंत पोचायला हवं.

मादीच्या बाबतीत नियम फारच हळवे आहेत. अठरा महिन्यांच्या आत मेटिंग नाही, आठ वर्षांनंतर नाही, वर्षाला एकच वेत आणि आयुष्यात पाच. पण मोजणार कोण? तिला बोलता येत नाही आणि वहीत अक्षर तुमचंच. माजावर आली की जातिवंत नर बाळगणाऱ्या स्टडवाल्याला फोन लावा.

पिल्लू आठ आठवड्यांच्या आत विकायचं नाही म्हणे. तोवर त्याचा खुराक, लसी आणि मायक्रोचिप कुणी करायची? शिवाय तेवढ्या दिवसांत त्याचं कापसाच्या गोळ्यासारखं रूपही उतरतं. तेव्हा तिसाव्या दिवशी द्या आणि पंचेचाळीस दिवसांचं आहे म्हणून सांगा. आठ आठवडे म्हणजे छप्पन्न दिवस, हा गुणाकार गिऱ्हाईक करत नाही. चार दिवसांत पार्वोच्या विषाणूने दगावलं, तर गिऱ्हाइकाने तोंड उघडण्याआधीच आवाज चढवा : "बाहेरचं काय खायला घातलंत त्याला?"

"पेपर आहेत का?" असं तो विचारेलच. बिनधास्त हो म्हणा. त्याला केनेल क्लबचे, म्हणजे जातिवंत कुत्र्यांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेचे, वंशावळीचे कागद हवे असतात. ब्रीडरकडेही नोंदणीचा दाखला असावा लागतो, हे त्याच्या गावीही नसतं. आईला बघायचा हट्ट धरलाच, तर ती फार्महाउसवर आहे आणि पिल्लू आपण हायवेवर गाडीतून हातात देऊ. दुसऱ्याचा ॲडव्हान्स आलाय, एवढं सांगितलं की तो फार्महाउस विसरतो. (नागपूरच्या उन्हाळ्यात बर्फाळ प्रदेशातली हस्की हवी म्हणणारा असेल, तर हेही सांगायची गरज नाही. त्याने नुसता कुत्र्याचा फोटो पाहिलेला असतो.)

सात-आठ वेतांनंतर मादी बसते. तिला पोसत बसू नका. एक मेसेज सगळ्या ग्रुपवर टाका : "बदली झाल्यामुळे लॅब मोफत देणे आहे. अतिशय प्रेमळ. फक्त खऱ्या श्वानप्रेमींनीच फोन करावा."