जनावराला नाव ठेवण्याआधी गव्हाणीत हात घाला

आज सकाळी सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळ तालुक्यातल्या एका दूध संकलन केंद्रावर विशी-बाविशीतलं एक पोरगं कॅन घेऊन उभं होतं. गाय एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित, दुसऱ्या वेताची, व्यायला दोन महिने झालेली, दिवसाला १८ लिटर दूध. मशिनवर आकडा आला फॅट २.९, एसएनएफ (म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) ८.१. आपल्याकडे गायीच्या दुधाचा दर ३.५ आणि ८.५ वर ठरतो, त्याच्या खाली प्रत्येक पॉइंटला कपात. पावती बघून पोराचं तोंड उतरलं. रांगेतल्या जाणत्या म्हणवणाऱ्यांनी त्याला एकच सल्ला दिला, "जातच खोटी हाय, काढून टाक." एकजण तर तिथल्या तिथं गिऱ्हाईक आणायला तयार!

एकानंही विचारलं नाही की बाळा, तिला घालतोस काय?

मी विचारल्यावर पोरानं सरळ सांगितलं. सकाळ-संध्याकाळ चार-चार किलो पेंड आणि मक्याचा भरडा, वर वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, पोटभर. कडबा महागला म्हणून बंद. शेण पातळ, त्यात मक्याचे कण दिसतात. गाय बसलेली असते, पण रवंथ फार करत नाही. एवढं ऐकल्यावर जातीला दोष देणाऱ्याला जनावरातलं काय कळतं, हे तुम्हीच सांगा.

दूध पिशवीत बनत नाही, पोटात बनतं. गाय चारा खाते म्हणजे पोटातल्या जिवाणूंना चारते. धाग्याचा चारा, म्हणजे कडबा, वाळलेलं गवत, कुजला की ॲसिटिक आम्ल तयार होतं आणि त्यातून कासेत दुधाची फॅट बनते. भरड्यातला पिठूळ भाग कुजला की प्रोपिऑनिक आम्ल, त्यातून दुधाची साखर आणि त्या साखरेमागून लिटर वाढतात. दोन्ही लागतात. पण पिठूळ खाणं एकदम पडलं आणि चावायला धागा नसला की पोट आंबतं. गाय जितकं चावते तितकी लाळ सुटते आणि लाळेत नैसर्गिक सोडा असतो, तोच पोटाचा आंबूसपणा मारतो. कडबा बंद म्हणजे चावणं बंद, लाळ कमी. लिटर टिकतात आणि फॅट घसरते. पोराच्या पावतीवर नेमकं तेच छापलेलं होतं.

गंमत बघा, त्याचे ८ किलो चुकीचे नाहीत. शरीर टिकवायला दीड किलो आणि दर अडीच लिटर दुधामागे एक किलो, असा गायीचा हिशेब धरला तर १८ लिटरला साडेआठ-पावणेनऊ किलो निघतात. चुकलं ते चार किलो एका वेळी ओतण्यात आणि कडब्याशिवाय ओतण्यात. एका वेळी दोन-सव्वादोन किलोच्या वर आंबोण, म्हणजे ही पेंड-भरडा, टाकू नये, तीन-चार वेळा विभागून द्यावं, आणि आधी कोरडी कुट्टी, म्हणजे तोडलेला कडबा, खाऊ द्यावी, मग पेंड. कुट्टी इंच-दीड इंचाची. कुट्टी मशिनला पाती नवी बसवून भुगा करणारे आहेत, ते बघून संताप येतो. भुग्याला रवंथ होत नाही. गोठ्यात जा, आरामात बसलेल्या जनावरांपैकी निम्मी तरी रवंथ करताना दिसली पाहिजेत. याला मशीनही लागत नाही आणि डॉक्टरही.

त्या गायीसाठी हिशेब असा बसतो. मालदांडीच्या कडब्याची कुट्टी ४-५ किलो, घास (लसूणघास) १० किलो, वाढे १० किलोच्या आत, आंबोण ७ किलो. दहा किलो घासामागे एक किलो पेंड वाचते, म्हणून आठाचे सात. खनिज मिश्रण ५० ग्रॅम, मीठ ३० ग्रॅम, आणि पोट रुळेपर्यंत खायचा सोडा १०० ते १५० ग्रॅम आंबोणात मिसळून. बदल १०-१५ दिवसांत हळूहळू. पोटातल्या जिवाणूंची वस्ती एका रात्रीत बदलत नाही. आज वाढे बंद, उद्या घास चालू, असं केलं की पोट फुगतं आणि मग रात्री डॉक्टर शोधत फिरावं लागतं. एसएनएफ मात्र एवढ्या सहज हलत नाही हेही सांगून ठेवतो. पोटाला ऊर्जा कमी पडली तर तो खाली येतो, सुप्त कासदाह, म्हणजे वरून न दिसणारी कासेची सूज, असला तरी खाली येतो, म्हणून चारही सडांचं दूध वेगवेगळं तपासून घ्यायचं.

वाढ्यांबद्दल बोलायलाच हवं, कारण गळीत हंगामात आपल्या जिल्ह्यात वाढ्याशिवाय दावण दिसत नाही. स्वस्त आहेत, हिरवे दिसतात, जनावर आवडीनं खातं. पण वाढ्यात ऑक्झलेट असतं, ते शरीरातलं कॅल्शियम बांधून शेणावाटे बाहेर नेतं. महिनोन् महिने नुसत्या वाढ्यांवर ठेवलं की हाडं पोखरतात, जनावर उलटायला लागतं, म्हणजे भरवूनही गाभण राहत नाही, व्यायल्यावर आडवं पडतं. मग पुन्हा "जात नाजूक हाय." किलोभर चुना ५० लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, वरची निवळी घ्या, ती वाढ्यांच्या कुट्टीवर शिंपडून काही तासांनी घाला. कडब्यापेक्षा वाढे स्वस्त पडतात हे मान्य. पावतीवरची कपात धरली तर तेही राहत नाही.

आणि कडब्याचं बोलायचं तर मोहोळच्या ज्वारी संशोधन केंद्रावर निवडलेली मालदांडी ३५-१ ही ज्वारी आपली. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालेलं. भाकरीसाठी सगळे नाव घेतात, पण आपल्या आया-आज्यांनी ही ज्वारी कडब्यासाठीही तितकीच जपली. गोड ताट, पानं टिकून राहिलेला कडबा. त्यांनी रब्बीच्या एका पिकात घरचं आणि दावणीचं दोन्ही भागवलं. नुसत्या कडब्यावर दूध निघत नाही, त्यात प्रथिनं जेमतेम तीन-चार टक्के, हेही खरंच. म्हणूनच त्याच्याबरोबर घास, तुरीची चुनी, सरकी पेंड. एक सावधगिरी. कापणीनंतरचे ज्वारीचे कोवळे फुटवे, किंवा पावसाने ताण दिलेली गुडघाभर ज्वारी, यात सायनाइडचं विष असतं. किराळ लागली, म्हणजे हे विष भिनलं, की जनावर तासाभरातही जातं. फुलोरा आल्याशिवाय हिरवी ज्वारी घालू नका.

बरं, जातीचा वाटा नाहीच असं नाही. फॅटची टक्केवारी लिटरपेक्षा जास्त आनुवंशिक असते. एचएफ साडेतीनच्या आसपास, जर्सी पाचच्या जवळ, म्हैस सातच्या आसपास. एचएफला तुम्ही सोन्याचा कडबा घातला तरी ती म्हशीचं दूध देणार नाही. जात ही कमाल मर्यादा ठरवते, एवढंच. त्या पोराची गाय तर स्वतःच्या जातीच्या आकड्यापर्यंतही पोचलेली नव्हती, आणि तिला विकायला निघाले सगळे.

याच चुकीची दुसरी बाजू जास्त दुखते. आपली पंढरपुरी म्हैस. तलवारीसारखी मागे गेलेली लांब शिंगं, सडपातळ अंग. सहा-सात लिटर दूध, चांगला सांभाळ असला तर १५ पर्यंत जाते. उन्हाळा सोसते, कडब्यावर आणि निकृष्ट चाऱ्यावर तग धरते, शांत आहे, कुठंही पान्हा सोडते. म्हणून तर कोल्हापुरात ती चौकात कट्ट्यावर आणून गिऱ्हाइकासमोर धार काढून देतात. आणि आपल्याच जिल्ह्यात तिला "हिचं काय, सहा लिटरची" म्हणून हिणवतात, कर्ज काढून हरियाणाची मुऱ्हा आणतात. मुऱ्हा उत्तम जात आहे, वाद नाही. पण तिच्या मोठ्या अंगाला कोरडा चारा जास्त लागतो, हिरवा बारमाही लागतो, मेच्या उन्हात पाणी आणि डुंबायला जागा लागते. म्हशीची कातडी काळी, घामाच्या ग्रंथी कमी. सोलापूरचा पारा ४२-४३ ला गेला की पत्र्याखाली बांधलेली मुऱ्हा खायचंच सोडते, दूध अर्ध्यावर येतं, माज मुका होतो, म्हणजे माजावर आलेली कळतच नाही. लिटर मोजता ना, मग चाऱ्याच्या बिलाला भागून मोजा. व्यायल्यापासून पुन्हा व्यायपर्यंतचे दिवस मोजा. मग कळेल सहा लिटरवाली किती कमावते.

खिलारचंही तेच. ती बैलासाठी घडवलेली जात. आटपाडी, म्हसवड, पंढरपूर या माणदेशी टापूतला चपळ बैल तिच्या पोटी जन्मतो. तिच्याकडून दुधाचा धंदा मागायचा आणि मग देशीला दूधच नाही म्हणून रडायचं, हा तिच्यावर अन्याय आहे.

आता शहरातल्या मित्रांशी बोलतो, जे पिशवीवर "देशी" आणि "ए-टू" वाचून दुप्पट पैसे मोजतात. ए-वन, ए-टू हा बीटा-केसीन प्रथिनातल्या ६७ व्या जागेचा फरक आहे, एकात हिस्टिडिन, दुसऱ्यात प्रोलिन. त्यावरून आरोग्याचे जे मोठमोठे दावे होतात त्यांना अजून भक्कम आधार नाही. तुमच्या दारच्या म्हशीचं दूध जवळपास सगळं ए-टूच आहे, त्याचे कुणी जादा पैसे घेत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, हे दावे पिशवीवरून काढा म्हणून आदेश दिला आणि काही दिवसांतच मागे घेतला. तुम्ही जात विचारता, पण ती गाय काय खाते हे कधी विचारलंत?

कारण तुमच्या पेल्यात उतरतं ते त्यातलंच. गायीचं तूप पिवळं होतं ते हिरव्या चाऱ्यातल्या कॅरोटीनमुळे. म्हैस ते कॅरोटीन पुरतं अ जीवनसत्त्वात बदलते म्हणून तिचं तूप पांढरं. सरकी खाणाऱ्या म्हशीचं लोणी कडक, तूप रवाळ. धारेच्या आधी कोबी-फ्लॉवरचा पाला घातला की दुधाला वास, तोच धार काढल्यावर घातला तर नाही. बाजार समितीतून सडका कांदा पोत्यानं आणून दावणीला ओततात, तो तर दुधाला वास लावून थांबत नाही. जास्त कांद्यानं जनावराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, लघवी लाल होते. गावरान अंड्याचंही बघा. कवचाचा रंग जातीचा, बलकाचा रंग खाण्याचा. मका आणि हिरवा पाला खाणारीचा बलक केशरी, नुसती ज्वारी टिपणारीचा फिका.

आणि बुरशी. इथं माझा तोल जातो. पावसात भिजलेली शेंगदाणा पेंड, काळे पडलेले मक्याचे दाणे, "जनावराला चालतंय" म्हणून स्वस्तात विकतात आणि घेणारे घेतात. त्या बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन बी-वन गायीच्या यकृतातून जाऊन एम-वन बनून दुधात येतं. दूध उकळलं तरी ते जात नाही. आपण ते दूध लहान लेकराच्या बाटलीत घालतो. पेंड घेताना पोत्यात मध्यापर्यंत हात घाला, गरम लागली, ढेकळं लागली, कुबट वास आला तर परत करा. फुकट दिली तरी घेऊ नका. पोती जमिनीपासून वितभर उंच फळीवर, भिंतीपासून लांब. मुरघासाचं, म्हणजे हवाबंद मुरवलेल्या हिरव्या चाऱ्याचंही असंच. मका चिकात असताना कापायचा, इंचभर कुट्टी, थर दाबून हवा काढायची, ४५ दिवस तोंड उघडायचं नाही. बॅगेला उंदराचं एक भोक पडलं तरी त्याच्याभोवतीचा भाग बुरशीनं जातो. तो काढून उकिरड्यावर टाका, "थोडाच हाय" म्हणून गव्हाणीत नको.

लिहिता लिहिता राग जरा उतरला. त्या पोराची चूक नाही हो. त्याला दर परवडत नाही, कडब्याची पेंढी परवडत नाही, आणि सल्ला देणारे सगळे विकणारे किंवा विकायला लावणारे. त्याच्या गायीबाबत आणखी एक गोष्ट निघाली. वासराला तो धार काढून झाल्यावर सोडतो. चांगलं मन आहे पोराचं. पण कासेतलं पहिलं दूध पातळ असतं, शेवटच्या धारांत सगळ्यात जास्त फॅट. ती वासराच्या पोटात जाते आणि कॅनमध्ये पातळ दूध येतं. वासराचा वाटा काढायचाच, पण सुरुवातीला पान्ह्यापुरतं सोडून, नंतर मोजून भांड्यातून पाजावं. पहाटेची आणि संध्याकाळची धार यातलं अंतरही सारखं ठेवावं. रात्र लांबली की सकाळी लिटर जास्त आणि फॅट कमी दिसते. आणि केंद्रावर नमुना घेण्याआधी कॅन ढवळून घ्यायला सांगायला लाजू नये. साय वर येते, खालून उपसलेला नमुना तुमच्या विरोधातच बोलणार.

ज्यांना जनावर बदलायचंच आहे त्यांनी सांगोल्याच्या बाजारात जरूर जावं. पण तुंबवलेली कास बघून भुलू नये. आदल्या दिवसाची धार न काढता बाजारात उभी करतात. लागोपाठ तीन वेळचं दूध समोर काढून घ्यावं, शेवटची धार सोडू नये. वेत कितवं, व्यायला किती दिवस झाले, गाभण आहे का, हे विचारावंच. आणि सौदा ठरला की जुन्या मालकाकडून तिच्या रोजच्या खाण्यातला आठ-दहा दिवसांचा चारा आणि पेंड त्याच टेम्पोत टाकून आणावी. पैसे घेतले तर द्यावेत. पहिले तीन दिवस तेच घालावं, मग रोज थोडं आपलं मिसळत जावं.