पगार त्यांना, घर आपलं

आमच्या सोसायटीतलं मॉक ड्रिल याही वर्षी रद्द झालं. एका सभासदांनी सभेत उभं राहून विचारलं, "आम्ही मेंटेनन्स भरतो, महापालिकेचा कर भरतो. अग्निशमन दलाला त्यातूनच पगार मिळतो ना? मग रविवारची झोप मोडून आम्ही कशाला जिने उतरायचे? उद्या चोरही आम्हीच पकडायचे का?" टाळ्या पडल्या म्हणे. दादा कमिटीवर आहे. त्यानंच फोनवर सांगितलं आणि सांगताना त्याचाही सूर "चुकलं काय त्यांचं?" असाच होता.

हा युक्तिवाद मला नवा नाही. ज्याचं काम त्यानं करावं, हे लहानपणापासून ऐकत आले आहे. पण या खेपेला तो कानावर पडला तेव्हा माझ्या बोटांची टोकं अजून दुखत होती. आदल्याच शनिवारी मी नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर, सध्या राहते त्या लाँगइयरब्येन गावात, अग्निशमन दलाच्या सरावात स्वयंसेवक म्हणून दिवस काढला होता. त्यामुळे राग आला, आणि तो अजून गेलेला नाही.

लाँगइयरब्येन ७८ अंश उत्तरेला आहे. वस्ती जेमतेम अडीच हजारांची. गावाबाहेर पडायचं तर ध्रुवीय अस्वलांमुळे खांद्याला रायफल लागते आणि सगळ्यात जवळचं मोठं हॉस्पिटल ट्रॉम्सोला, विमानानं दीड तासाहून जास्त. इथं आग लागली तर शेजारच्या शहरातून बंब मागवता येत नाही, कारण शेजारचं शहरच नाही. विमानतळाचं स्वतःचं छोटं पथक आहे आणि गावाचं एक दल आहे, बास. त्या दलातले बहुतेक जण दुसरीकडे नोकरी करतात. कुणी इलेक्ट्रिशियन आहे, कुणी बर्फावरच्या स्कूटर दुरुस्त करतो, कुणी हॉटेलात आहे. पेजर वाजला की हातातलं काम टाकून निघायचं. त्या तासांचा मोबदला त्यांना मिळतो, हे मी लपवत नाही. पण पहाटे दोन वाजता दुसऱ्याच्या धूर भरलेल्या खोलीत रांगत शिरणारा माणूस त्या तासाच्या दरासाठी शिरत नाही, हे त्यांना जवळून पाहिलेल्या कुणालाही पटेल.

त्या शनिवारी त्यांना 'जखमी' हवे होते. काळोखाचे दिवस, दुपारी बारालाही आकाश शाईसारखं. एका रिकाम्या इमारतीत यंत्रानं धूर सोडला होता आणि मला वरच्या मजल्यावर पलंग आणि भिंत यांच्या फटीत पडून राहायला सांगितलं होतं. स्वतःचा हात दिसत नव्हता. मग खालून आवाज आले, मास्कमधून येणारा तो खर्र खर्र श्वास आणि भिंतीवरून सरकणारा हातमोजा. ते उजव्या हातानं भिंत धरून येतात, भिंत सोडत नाहीत, म्हणजे परतीची वाट हरवत नाही. डावा हात जमिनीवर चाचपत असतो. तो हात माझ्या बुटाला लागला, थांबला, पुन्हा बुटावर आला आणि घट्ट झाला. खोटा धूर, खोटी जखमी, सगळं ठाऊक असूनही माझ्या घशात हुंदका आला. आपल्याला कुणीतरी शोधत होतं आणि आपण सापडलो, याला खोटं म्हणता येत नाही.

खरं काम त्यानंतर सुरू झालं. बाहेर उणे वीसच्या आसपास, वर वारा. अशा थंडीत पाणी हाच निम्मा शत्रू असतो. होजमध्ये पाणी सुरू झालं की नोझल पूर्ण बंद करायचं नाही. आग विझली तरी धार बारीक चालू ठेवायची, कारण पाणी थांबलं की गोठलं. ती बारीक धार जिथं पडते तिथं बर्फाची काच होते, म्हणून बुटांखाली खिळे लागतात. पाणी बंद केलं की होज रिकामा करायला अगदी थोडा वेळ मिळतो. कपलिंग, म्हणजे होजचा जोड, सोडायचं, होजचं एक टोक खांद्यावर घ्यायचं आणि लांबीभर चालत जाऊन आतलं पाणी पुढे ढकलायचं. मी ज्या कपलिंगवर होते ते तोवर गोठून बसलं. उघड्या हातानं धातूला शिवायचं नाही आणि जाड मोज्यात पकड येत नाही. शेवटी त्यावर गरम पाणी ओतलं तेव्हा ते सुटलं. तेवढ्या वेळात आमचा होज लाकडाच्या ओंडक्यासारखा झाला होता. तो गुंडाळता येत नाही, जोर केला तर अस्तर फाटतं. तसाच आडवा गाडीवर टाकून स्टेशनात न्यायचा, उबेत वितळू द्यायचा, धुवायचा, वाळवायचा आणि मगच घडी घालायची. श्वासयंत्राचे मास्क शेवटच्या क्षणापर्यंत गाडीच्या उबेत ठेवतात, नाहीतर श्वासातली वाफ झडपेत गोठते. पंपातला थेंब न् थेंब काढावा लागतो. हे कुठलंही काम अवघड नाही. मात्र पहिल्यांदाच करणाऱ्याला ते वेळेत जमत नाही.

बाहेरच्यांना वाटतं, बर्फाच्या देशात आगीची कसली भीती? उलट आहे. कडाक्याच्या थंडीत हवेत ओल नसते, घरं लाकडी असतात आणि आत रात्रंदिवस हीटर, त्यामुळे लाकूड वाळून कोळ झालेलं असतं. ध्रुवीय प्रदेशात राहणाऱ्यांना थंडीइतकीच आगीची धास्ती असते, कारण घर जळालं की थंडीला अडवणारं काहीच उरत नाही. अंटार्क्टिकावर रशियाच्या वोस्तोक तळाचं वीजघर १२ एप्रिल १९८२ रोजी जळालं. एक जण गेला आणि बाकीच्यांनी पुढचा सगळा हिवाळा जुगाड केलेल्या शेगड्यांवर काढला, कारण हिवाळ्यात तिथं विमान उतरत नाही. ब्राझीलचा कमांदांते फेराझ तळ २५ फेब्रुवारी २०१२ रोजी जळाला. आग जनरेटरच्या खोलीत लागली होती. ती विझवायला गेलेले नौदलाचे दोघे परत आले नाहीत. अशा तळांवर स्वयंपाकी, डॉक्टर, शास्त्रज्ञ सगळ्यांनाच नळी धरायला शिकवतात. 'हे माझं काम नाही' असं म्हणायला तिथं दुसरा माणूस शिल्लक असायला हवा ना!

आता आपल्याकडचं बघा. महाराष्ट्रात २००६ चा आग प्रतिबंध आणि जीवसंरक्षण उपाययोजना कायदा आहे. तो स्वच्छ सांगतो की इमारतीतली यंत्रणा चालू ठेवायची जबाबदारी मालकाची आणि राहणाऱ्याची. परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत द्यायचं. म्हणजे 'आम्ही कर भरतो' म्हणून ती जबाबदारी कायद्यानंच सुटत नाही. आणि प्रत्यक्षात? आमच्या इमारतीत वेट रायझरची, म्हणजे आगीसाठी पाणी भरून ठेवलेल्या उभ्या पाइपाची, पेटी आहे, तिला कुलूप आहे आणि किल्ली वॉचमनच्या ड्रॉवरमध्ये. रिफ्यूज एरियात, म्हणजे आगीच्या वेळी आसऱ्याला थांबायच्या मोकळ्या जागेत, सायकली, जुनी कपाटं आणि कुणाचा तरी मोडका पाळणा. ते प्रमाणपत्र, बी फॉर्म, मात्र फाइलला अगदी वेळेवर लागतो. मागच्या सुट्टीत मी पेटी उघडायला लावली तेव्हा आत होज होता, नोझल नव्हतं. ते कधी गेलं हे कुणालाही सांगता आलं नाही.

भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे आगीत दहा नवजात बाळं गेली. त्यानंतर महिनाभर प्रत्येकाच्या तोंडी ऑडिट हाच शब्द होता. मे २०१५ मध्ये काळबादेवीच्या आगीत मुंबई अग्निशमन दलाचे चार अधिकारी गेले, त्यात दलाचे प्रमुखही होते. 'त्यांना पगार मिळतो' हे वाक्य त्या चौघांच्या घरी जाऊन म्हणता येईल का, एवढंच मला त्या सभासदांना विचारायचं आहे.

यावर उत्तर ठरलेलं असतं: तुमचं अडीच हजारांचं गाव, आमचं कोटीचं शहर, तुलना कशी करता? मी करते. कारण आग कोटीच्या शहराला लागत नाही, ती नवव्या मजल्यावरच्या एका स्वयंपाकघराला लागते. बंब यायला निघतो, नाक्यावर अडकतो, मग गेटपाशी दुतर्फा लावलेल्या गाड्यांत अडकतो. तोवरची ती दहा-बारा मिनिटं ती इमारत माझ्या गावाइतकीच एकटी असते. त्या वेळी जिन्यात कोण आहे, गॅसचा मुख्य कॉक कुणाला ठाऊक आहे, सातव्या मजल्यावरच्या आजींना चालता येत नाही हे कुणाच्या लक्षात आहे, यावर सगळं ठरतं. नॉर्वेत प्रत्येक घरात धुराचा अलार्म आणि विझवायचं साधन सक्तीचं आहे. १ डिसेंबर हा अलार्म तपासायचा दिवस म्हणून देशभर पाळतात. शाळेतली मुलं घरी येऊन आईबापांना बॅटरीची आठवण करतात. त्यात श्रीमंतीचा काही संबंध नाही, बॅटरी आपल्याकडेही मिळते.

आपली माणसं मदतीला धावत नाहीत, असं मात्र मी कुणाला म्हणू देणार नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा कमरेएवढ्या पाण्यात अनोळखी लोकांना घरात घेणारी, दोर लावून बायामुलांना काढणारी माणसं कोण होती? १४ एप्रिल १९४४ च्या मुंबई गोदीतल्या स्फोटात अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले, त्याच तारखेला आपण देशभर अग्निशमन सेवा दिन पाळतो. धावून जाणं आपल्या रक्तात आहे, ते मी इथल्या लोकांना अभिमानानं सांगतेही. आपल्याला कंटाळा येतो तो आधीच्या रविवारचा. संकट आलं की आपण जीव देऊ, पण संकट नसताना अर्धा तास देणार नाही.

इथंही संकट आलं होतं. १९ डिसेंबर २०१५ ला गावाच्या वरच्या डोंगरावरून हिमस्खलन झालं आणि त्यानं ११ घरं उचलून नेली. दोन जण गेले. गावातले लोक फावडी घेऊन धावले, आपल्याकडे धावतात तसेच. फरक एवढाच की बर्फात गाडलेला माणूस कसा शोधायचा हे त्यांच्यातल्या अनेकांना आधीपासून ठाऊक होतं. या गावात जन्मापासून मरेपर्यंत कुणी राहत नाही. बाळंतपणाला बायका मुख्य नॉर्वेत जातात, म्हातारपण काढायची इथं सोय नाही. चार-सहा वर्षं राहून लोक निघून जातात, नवे येतात, आणि दल पुन्हा नव्यांना भिंत धरून रांगायला शिकवतं. पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांना ओळखणारी आमची सोसायटी जे करत नाही, ते ही येऊन-जाऊन असलेली माणसं दर वर्षी करतात. हे मला बोचतं.

हे सगळं मी दादाला फोनवर ऐकवलं. तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "तिथं बसून बोलायला तुला काय जातंय? आई-बाबांना जिन्यानं खाली कोण नेणार आहे, तू की मी?"

त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. नवव्या मजल्यावर आमचेच आई-बाबा राहतात. बाबांच्या गुडघ्यांना जिना झेपत नाही. मी त्यांच्या इमारतीतल्या नोझलची काळजी करते ती ७८ अंश उत्तरेवरून, आणि ज्यांच्यासाठी मी उणे वीसमध्ये होज ओढत होते ती माणसं माझी कोण? माझ्या रागात या प्रश्नाचा वाटा बराच मोठा आहे. तिथल्या सभेत उभं राहून बोलायचा हक्क मी घर सोडताना सोडला, आणि इथं तो मिळालेला नाही.

इथं राहायला मला व्हिसा लागला नाही. १९२० च्या स्वालबार्ड करारात भारत सुरुवातीपासून आहे, त्यामुळे वाटेतल्या मुख्य नॉर्वेतून जाण्यापुरता शेंगन व्हिसा घेऊन मी सरळ इथं आले आणि नोकरीला लागले. पण इथं काढलेली वर्षं नॉर्वेच्या वास्तव्यात धरली जात नाहीत. २०२२ पासून नियम असा की परदेशी माणूस मुख्य नॉर्वेत तीन वर्षं राहिलेला नसेल तर त्याला इथल्या स्थानिक परिषदेसाठी मत देता येत नाही. बंब कुठला घ्यायचा, स्टेशनला पैसे किती द्यायचे, हे ती परिषद ठरवते. मला धुरात झोपता येतं, होज वितळवता येतो, मत देता येत नाही. दादाला मत आहे, सभा आहे, पेटीची किल्ली मागायचा हक्क आहे, आणि तो ड्रिल रद्द करणाऱ्यांच्या बाजूनं मान हलवून घरी येतो. माझ्याजवळ त्याच्या निम्मा हक्क असता तर मी त्या पेटीचं कुलूप कायमचं काढायला लावलं असतं, असं मला वाटतं. तो म्हणतो, असं परदेशात राहणाऱ्या प्रत्येकाला वाटतं.

शनिवारी संध्याकाळी स्टेशनात होज धुवून झाल्यावर सगळे मोजे काढून हीटरपाशी बसलो होतो. दलप्रमुखांनी पुढच्या शरद ऋतूतल्या सरावासाठी कागद फिरवला. शेजारी बसलेल्या इलेक्ट्रिशियननं सही केली आणि पेन माझ्या हातात दिलं. माझा करार उन्हाळ्यात संपतो आणि स्वतःचा खर्च स्वतः भागवू न शकणाऱ्या माणसाला या बेटावर राहता येत नाही. मी कागदावर नाव लिहिलं, खाली आमच्या बराकीचा खोली नंबर लिहिला आणि कागद पुढे दिला.